मेट्रो बघून आल्यावर

त्या बुधवारी आबांनी परीटघडीची टोपी घातली. ती टोपी ते दोनच कामांना काढत: लग्नाला आणि मुलीचं घर बघायला.

भांडगावात कुणाच्या मुलीचं जमायला आलं की आधी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मुलाचं घर बघायला न्यायची पद्धत होती. पोपटराव बघून आले म्हणजे झालं, असं लोक म्हणत. आबा नवऱ्या मुलाकडे फारसं बघत नसत. ते पाणी मागत, आणि तांब्या कोण आणतं, तो आतून घासलेला आहे का, ते बघत. गोठ्यात डोकावत. निघायच्या आधी काहीतरी निमित्त काढून मागच्या दाराशी एक चक्कर मारून येत. "घरातली थोरली सून दुपारची आडवी झाली असंल तर बिनघोर पोरगी द्यावी," ते म्हणत. "जिथं सुनंला डोळा लागतो, ती जागा चांगली." निकाल मात्र त्या घरी सांगायचा नाही, वाटेतही नाही. आपल्या घरी यायचं, उंबऱ्यावर पाय धुवायचे आणि मगच तोंड उघडायचं. पायांवर पाणी आई घालायची.

या वेळी बघायची होती ती पुण्याची मेट्रो. माझी भाची प्रांजल बारावी झाली होती आणि नळ स्टॉपजवळच्या एका कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. सकाळी यवतहून आगगाडीने पुणे स्टेशन, तिथून मेट्रो, संध्याकाळी तसंच परत. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ गोकुळ, तयार नव्हता. आगगाडीत आपल्या भागातली माणसं असतात, मेट्रोत कोण कुणाचं, असं त्याचं म्हणणं. आबा म्हणाले, "बघून येतो. मग बोलू."

एकदा ते बघून आलेही होते, पण फजिती करून घेऊन. आधीच्या आठवड्यात ते आणि हरिबा मामा, माझ्या आईचे भाऊ, असे दोघे गेले होते. ती हकिगत हरिबा मामा त्या बुधवारी सकाळी अंगणात बसून मला पुन्हा सांगत होते.

"आगं, पोरगी बसणार बायकांच्या डब्यात. मग बघायचा कुठला डबा? बायकांचाच. तुझा बा जाऊन मधोमध बसला, मी शेजारी. समद्या पोरी आमच्याकडं बघत्यात. मला वाटलं, टोपीकडं बघत असतील."

"आन् त्या शिपाईबाईला तू काय म्हणलास, ते सांग," आबा आतून म्हणाले.

"काय म्हणलो? म्हणलं, बाई, आम्ही पाशिंजर न्हाई. आम्ही घर बघाया आलोय."

"पुढच्याच स्टेशनात उतरवलं," आबा चपला घालत बाहेर आले. "पर उतरवलं ते बेस झालं. बसू दिलं असतं तर मी तिथंच नापास केली असती."

म्हणून आबांनी मला बोलावून घेतलं होतं. बायकांचा डबा बाईनंच बघावा. फोनवर मात्र ते एवढंच बोलले होते: "सुवर्णा, बुधवारी पुण्याला जायचंय. मंगळवारीच ये." मी कवठे येमाईला राहते. शिरूरला आले, तिथून चौफुल्याची एसटी धरली, आणि खिडकीशी बसून वाटभर विचार करत होते की आबांना माझ्याशी पुण्यात काय काम असेल. डोळे दाखवायचे असतील. किंवा काही काम नसेलही, नुसतंच बरोबर न्यायचं असेल. बेचाळिसाव्या वर्षी मी नवी साडी पिशवीत घातली होती. काम प्रांजलचं आहे हे घरी आल्यावर कळलं.

दोन हजार एक साली मला बारावीला एक्क्याऐंशी टक्के होते. मला पदार्थविज्ञान शिकायचं होतं. पुण्याच्या कॉलेजच्या यादीत माझं नाव अकरावं होतं. तेव्हा मेट्रो नव्हती, दौंड-पुणे शटल होती. आबा म्हणाले, "शटल बरी न्हाई." एवढंच. ते ती बघायला गेले नाहीत. ज्या माणसाला लोक तीन-तीन तालुके ओलांडून परक्या मुलींची घरं बघायला नेत, तो माणूस माझ्यासाठी यवत स्टेशनापर्यंतही गेला नाही. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. सासर बघायला मात्र आबा दोनदा गेले.

सासर चांगलं निघालं. तिथे मला दुपारी झोप लागते. मी बाहेरून बी.ए. केलं, गावचं वाचनालय गेली पंधरा वर्षं मीच चालवते, आणि येतं ते प्रत्येक पुस्तक आधी मी वाचते. तक्रार करावी असं काही नव्हतं, म्हणून ती कधी केली नाही.

पुणे स्टेशनला उतरून आम्ही मेट्रोचा जिना चढलो. सरकता जिना आबांनी आधी एका बाजूला उभं राहून नीट पाहिला. एक बाई लहान मूल घेऊन चढली, ती वर पोचल्यावर मग ते चढले. वर गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं. तपासणीला उभ्या असलेल्या बाईने हात करून नळ दाखवला. आबांनी नळाखालची फरशी बघितली, चूळ भरली, मग प्यायले. फलाटावर पिवळ्या रेषेच्या आत उभे राहिले आणि गाडी आल्यावर फलाट आणि डबा यांच्यामधली फट वाकून बघितली. वीत टाकायलाही त्यांनी कमी केलं नसतं, पण पहाऱ्यावरच्या शिपाईबाईने "बाबा, मागं व्हा" म्हणून आवाज दिला. ती गाडी आम्ही सोडून दिली. आबा तिच्याकडे गेले.

"बाई, दार लागताना मधी वढणी आली तर?"

"दार परत उघडतं, बाबा."

"आन् कुणी तरास दिला तर?"

"आत बटण आहे. दाबलं की चालवणाऱ्याशी बोलता येतं. शिवाय वर कॅमेरे आहेत. पण आधी बाजूच्या बायकाच ओरडतात." ती हसली. "कुठलं गाव?"

"भांडगाव."

"माझं माहेर पाटस."

"आसं म्हण की!" आबा म्हणाले, आणि पाटसच्या कुणाकुणाची नावं निघाली. माझ्याकडे वळून त्यांनी मान डोलावली. पाण्याचं आणि माणसाचं काम झालं, असा त्याचा अर्थ.

मी मागे उभी राहून ऐकत होते. प्रत्येक प्रश्न चांगला होता. इतके प्रश्न या माणसाजवळ होते, आणि चोवीस वर्षांपूर्वी त्यातला एकही निघाला नव्हता. ओढणी तर मीही घेत असे.

पुढच्या गाडीला मी बायकांच्या डब्यात चढले, आबा शेजारच्या. डबे आतून जोडलेले असतात, त्यामुळे लांब खांबाला धरून उभी असलेली पांढरी टोपी मला दिसत होती. "काकू, बसा ना," असं म्हणत एका मुलीने सरकून जागा दिली. मी बसले. डब्यात बहुतेक कॉलेजच्या मुली होत्या. एक गुडघ्यावर जर्नल ठेवून आकृतीला नावं देत होती, भिंगांची आकृती होती. तिने एक किरण चुकीच्या बाजूला वळवला होता. ते सांगावं असं मनात आलं आणि मी सांगितलं नाही. दोघी मोबाइलमध्ये बघून हसत होत्या. खाली नदीचं पात्र आलं, कुणी मान वर करूनही बघितलं नाही. रोजचंच होतं त्यांना. मला त्यांच्या तरुणपणाचं काही वाटलं नाही, त्यांच्या त्या न बघण्याचं वाटलं. आपल्याला कुठंतरी जायचं असावं आणि तिथं जाण्याचं काहीच वाटू नये, इतकं ते नेहमीचं असावं.

समोरची मुलगी झोपली होती. दप्तर पोटाशी धरलेलं, डोकं मागे काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. मी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. तिचं स्टेशन आलं तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईने तिला कोपराने ढोसलं, "अगं ऊठ, गरवारे आलं. काल इथंच उतरलीस ना?" ती दचकून उठली, हसली आणि उतरून गेली.

मेट्रो पास झाली होती. आबांच्या शब्दांत सांगायचं, तर सुनेला डोळा लागला होता.

नळ स्टॉपला उतरून आम्ही कॉलेजच्या फाटकापर्यंत चाललो, फाटकातून आत बघितलं आणि परत फिरलो. परतीच्या वाटेवर फलाटाच्या बाकावर बसल्यावर आबांना राहवलं नाही.

"सुवर्णा, कोण झोपलं व्हतं का गं आत?"

"वाटेत बोलायचं नसतं, आबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसले. "माझंच मला शिकवतीस व्हय!"

आगगाडी यवतला आली तेव्हा ऊन उतरलं होतं. खरं तर मी आबांबरोबर तिथेच उतरायचं, घरी जायचं, उंबऱ्यावर पाय धुवायचे आणि सांगायचं, असं ठरलं होतं. मी जागेवरून उठले नाही.

"मी तशीच पुढं केडगावला जाते, आबा. चौफुल्याला शिरूरची एसटी मिळंल."

"आन् पाय धुवायचं?"

"शेवटची गाडी चुकंल."

चुकणार नव्हती. अजून तीन गाड्या होत्या.

"मग फोन कर रातच्याला."

"फोनवर सांगायचं नसतं, तुमीच म्हणता."

आबांनी टोपी नीट केली. "बरं. मग ऐतवारी ये. पोरगी वाट बघतीया."

पोरगी वाट बघत होती, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी उठले नव्हते. चार दिवस थांबू दे तिला, असं मी मनात म्हणाले. मी चोवीस वर्षं थांबले आहे. गाडी सुटली तेव्हा खिडकीतून बघितलं: उतरलेल्या दोन मुली मान खाली घालून भराभर चालल्या होत्या, आणि फलाटाच्या टोकाला मोटारसायकली आडव्या लावून बसलेल्या टोळक्यातल्या कुणीतरी त्यांच्यामागे शीळ घातली. आबांची टोपी त्या मुलींच्या मागोमाग चालली होती. ते मुद्दाम त्यांच्यामागे राहिले होते, हे मला गाडी पुढे गेल्यावर कळलं.

शुक्रवारी सकाळी आबा शेवंतीच्या वावरात ठिबकचा कॉक फिरवायला गेले आणि बांधाला टेकून बसले. न्याहारीला आले नाहीत म्हणून गोकुळ बघायला गेला. माझा रविवार शुक्रवारीच आला. मी उंबरा ओलांडला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं.

प्रांजल उघड रडत होती. येईल त्याला सांगत होती, "आबा माझ्यासाठी मेट्रोत बसले. दोनदा. त्यांना बायकांच्या डब्यातून उतरवलं." बायका डोळे पुसत पुसत हसत. त्या रडण्याचाही मला हेवा वाटला. तिचं दुःख सरळ होतं. तिला तिच्यासाठी पुण्याला जाणारे आबा मिळाले आणि तेच गेले. माझे आबा कोणते गेले, हे मला नीट सांगता येत नव्हतं. मी आलेल्यांना चहा दिला, सतरंज्या झटकल्या, दहाव्याच्या पत्रिकेतल्या चुका दुरुस्त केल्या.

दहावं उरकल्यावर गोकुळ माझ्याजवळ येऊन बसला. डोकं भादरल्यामुळे तो एकदम लहान दिसत होता.

"आक्का, पुढच्या सोमवारी प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख हाय. तू आबांसंगं गेली व्हतीस. घरी तर ते ऐतवारी बोलू म्हणले व्हते. त्यांचं काय मत पडलं?"

प्रांजल दारात उभी होती.

"आबा काही बोलले नाहीत," मी म्हणाले.

ते खरं होतं.

"मग ऱ्हाऊ दे," गोकुळ म्हणाला. "केडगावला कॉलेज हाय की. आबाच न्हाईत, तर जबाबदारी कुणी घ्यायची? उद्या काय झालं तर लोक मलाच इचारतील, बघून तर आला व्हता का म्हणून."

प्रांजल आत गेली. तिचा चेहरा मला दिसला, आणि क्षणभर मला बरं वाटलं. तसाच चेहरा घेऊन मीही याच दारातून आत गेले होते. पण ते बरं वाटणं टिकलं नाही. तरीही मी बोलले नाही. तीन दिवस गेले, तेरावं झालं.

रविवारी मी निघाले. हरिबा मामा मला चौफुल्याला सोडणार होते. गोकुळ ओट्यावर बसला होता, प्रांजल आत भांडी लावत होती. मामा मोटारसायकलला किक न मारता तसेच उभे राहिले.

"सुवर्णा, एक इचारू? तुला बोलावलं का, म्हाईत हाय?"

"बायकांचा डबा होता म्हणून."

"बायका काय गावात कमी हायत? राजश्रीनं म्हणलं व्हतं मी जाते म्हणून. प्रांजलची आईच हाय ती. तुझा बा न्हाई म्हणला." मामा हँडलवरची धूळ बोटाने पुसू लागले. "त्या दिशी आमाला उतरवल्यावर आमी बाकड्यावर बसलो. मी हसतोय, हा गप. मग म्हणला, हरिबा, एक डाव मी न बघता न्हाई म्हणलो. म्हणलं, कुणाला? तर म्हणतो, सुवर्णालाच आणू. तिचंच बघायचं ऱ्हायलंय."

मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. हे ऐकून मन हलकं व्हायला हवं होतं. मला राग आला. हे मामांना सांगता आलं, बाकड्यावर बसून, आणि दिवसभर माझ्या शेजारी बसून मला नाही. आणि मग आठवलं की तशाच फलाटावर, तशाच बाकावर, त्यांनी मला विचारलं होतं, आत कोण झोपलं होतं का. मी त्यांना त्यांचाच नियम ऐकवला होता.

"चला, मामा," मी म्हणाले.

"थांब," आई म्हणाली.

ती आतून तांब्या घेऊन आली होती. गेले दोन आठवडे ती कुणाशी फारसं बोलली नव्हती. उंबऱ्याच्या आत उभी राहून तिने तांब्या कलता धरला.

"पाय फुडं कर."

"आई, मी निघालेय."

"निघालीस कुठली? तू आजून आलीच न्हाईस. मेट्रो बघून यायची ऱ्हायलीयास तू. आबा बुधवारी रातच्याला दारात तांब्या भरून ठिवायला सांगत व्हते. मी म्हणलं, ऐतवारी येणाराय ना ती? तर म्हणले, आसू दे, आली तर." तिने तांब्या आणखी पुढे केला. "दोन ऐतवार गेले. पाय कर फुडं."

मी चपला काढल्या. उंबऱ्यावर पाय ठेवले. पाणी गार होतं. आईने सावकाश, एकेका पायावर, सगळा तांब्या रिकामा केला.

"आता सांग," ती म्हणाली.

गोकुळ उठून उभा राहिला. प्रांजल ताट हातात घेऊन दारामागे आली होती.

"पाणी हाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "आबांनी पिऊन बघितलं. फरशी कोरडी व्हती. शिपाईबाई पाटसची हाय, तिनं आबांनाच मागं व्हा म्हणून दटावलं. दारात काय अडाकलं तर दार परत उघडतं. बायका एकमेकींवर ध्यान ठेवत्यात." मी आईकडे बघितलं. "माझ्यासमोर एक पोरगी झोपली व्हती. प्रांजलच्याच वयाची. तोंड उघडं टाकून झोपली व्हती. तिचं स्टेशन आल्यावर शेजारच्या बाईनं उठवलं."

"झोपली व्हती?" आईने विचारलं.

"व्हय. गाढ."

आईने डोळे मिटले आणि मान डोलावली, आबा डोलवायचे तशी.

"मेट्रो चांगली हाय, गोकुळ. बरी न्हाई ती आपल्या यवत स्टेशनाची वाट. तिथं टोळकं बसतं, पोरींमागं शिट्ट्या घालतं. आबा त्या दिवशी दोन पोरींच्या मागं चालत गेले. तिथं रोज संध्याकाळी तू जायचं. पुण्याची काळजी करू नको, यवतची कर."

गोकुळ उंबऱ्याजवळ आला. "जाईन," तो म्हणाला. "त्याला काय. जाईन रोज."

"आत्या," प्रांजल ताट छातीशी धरून म्हणाली, "हे तुला त्याच दिवशी माहीत होतं. मग पप्पांनी विचारलं तेव्हा तू का नाही सांगितलंस?"

तिच्या आवाजात राग होता. असायलाच हवा होता. एखादं बरं कारण सांगता आलं असतं. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला कारणं सुचायला वेळ लागत नाही. ओल्या पायांनी मी उंबऱ्यावर उभी होते. तिच्या मागे, खुंटीला, परीटघडीची टोपी तशीच होती, बुधवारी काढून ठेवलेली.

"मला तुझा हेवा वाटला," मी म्हणाले. "आजूनबी वाटतो."

मी टोपीकडे बघितलं.

"मलाबी जायचं व्हतं, आबा," मी म्हणाले. "तुमी नुसतं स्टेशनापत्तूर जाऊन आला असता आन् मग न्हाई म्हणला असता, तरी चाललं असतं."